दीड पाइपाची साखळी

प्रिय शारीक,

सलाम. फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडून बघत नाहीस, म्हणून हे कागदावर लिहून आमच्या ट्रकवाल्या नदीमकडे देतोय. तो खफजीला येऊन तुझ्या हातातच देईल. मामूचं पत्र म्हणून मध्येच फेकू नकोस, शेवटपर्यंत वाच.

परवा दापोलीहून तुझ्या आईचा फोन आला होता. हफीजा रडत होती. पोराने अमेरिकन फुटबॉल सोडला, ताइफच्या टीमने पुढच्या हंगामाचं काँट्रॅक्ट पाठवलंय तर सही करत नाही, म्हणतो मी ऐन वेळी कमी पडतो. गुरुवारपर्यंतच मुदत आहे ना? अरे, गावात कबड्डी खेळताना तू घोट्याला हात घातलास की समोरचा गडी हलत नसे, हे मी बघितलंय. इथे सौदीत खफजीच्या कोचने तुला उगाच नाही उचललं. तेव्हा मी हसलो होतो, हेही कबूल करतो. डोक्याला टोप चढवून एकमेकांना धडका द्यायच्या आणि वर पगार घ्यायचा, हा कसला धंदा, असं म्हणालो होतो.

मग माझ्याच वर्कशॉपच्या मालकाने अल खर्जची टीम घेतली आणि मीही त्यात ओढला गेलो. लीगचं पहिलंच वर्ष, चारच टीम, निम्मं सामान बंदरात अडकलेलं. गोलपोस्ट मी वेल्ड केले. मोजायची साखळीही आली नव्हती, तर मॅनेजर म्हणाला, इसहाक, तूच बनव, यल्ला, लाग कामाला. चार प्रयत्नांत बॉल दहा यार्ड पुढे न्यायचा, आणि गेला की नाही ते या साखळीने मोजायचं, एवढं मला समजलं. दहा यार्ड म्हणजे तीस फूट. यात काय अवघड आहे? वीस फुटी पाइप जमिनीवर ठेवला, दुसरा अर्धा कापून त्याला लावला, त्यांच्या कडेने साखळी ताणली आणि दोन्ही टोकांना काठ्या जोडल्या. तीस वर्षं मी असंच मोजतोय. शेड मोजल्या, डेअरीच्या गोठ्यांचे कठडे मोजले, कधी कोणाची तक्रार नाही. लीगच्या माणसाने तर न मोजताच पास केली आणि वर लेबल चिकटवलं.

आमची टीम काही फार चपळ नव्हती. बॉल पोटाशी धरायचा आणि दोन पावलं, तीन पावलं रेटत जायचं. पण घरच्या मैदानावर एकही मॅच हरली नाही. बाहेर दोन हरली, त्याही थोडक्यात, तिथली साखळी वेगळी होती. याचा अर्थ तेव्हा माझ्या डोक्यात शिरला नाही. मी आपला साखळीची एक काठी धरून उभा राहायचो आणि मोजणी झाली की छाती काढून चालायचो. फायनल तुमच्याशी, आमच्याच मैदानावर. दोन मिनिटं उरलेली, तुम्ही तीन गुणांनी पुढे, आमचा चौथा प्रयत्न, आणि तू आमच्या गड्याचा घोटा धरून त्याला आडवा केलास. आम्ही साखळी ताणली. बॉल काठीच्या चार बोटं पुढे निघाला. आम्हाला आणखी चार प्रयत्न मिळाले, त्यात आम्ही जिंकलो, आणि तुमच्या लोकांनी सगळं खापर तुझ्या डोक्यावर फोडलं.

काल ती अमेरिकेची साखळी बंदरातून सुटून आली, हंगाम संपून दोन महिने झाल्यावर. मी सहज म्हणून माझ्या साखळीशेजारी फरशीवर पसरली. एका बाजूची टोकं जुळवली, दुसऱ्या बाजूला जाऊन बघतो तर माझी आखूड. वाटलं, कडी अडकली असेल. झटकली, परत ताणली. चौदा सेंटिमीटर. शारीक, मी तिथेच फतकल मारून बसलो. पाइपाला आपण वीस फुटी म्हणतो, दुकानदार म्हणतो, सगळा बाजार म्हणतो, पण असतो तो सहा मीटरचा, वीस फुटांना दहा सेंटिमीटर कमी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. रोजच्या तोंडातलं माप, कधी विचारच केला नाही. कठडा थोडा आखूड झाला म्हणून गाय काही बोलत नाही. पण त्या दिवशीचा तो बॉल खऱ्या मापाने मागेच राहिला होता. बसल्या बसल्या तेवढं एकच मनात येत होतं.

मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, खलास, कप कपाटात गेला, तोंड बंद ठेव. ते मला जमलं नाही. आज सकाळी दोन्ही साखळ्यांचे फोटो आणि माझ्या सहीचा कागद लीगच्या ऑफिसला पाठवून दिला. निकाल बदलेल की नाही, माझी नोकरी राहील की जाईल, ते बघू. पण हे पत्र त्यासाठी नाही. फायनलनंतर पार्किंगमध्ये तू सगळ्यांना सोडून माझ्याकडे आलास आणि विचारलंस, मामू, बॉल खरंच पुढे गेला होता का. आणि मी जिंकल्याच्या तोऱ्यात, चार माणसांत तुला म्हणालो की साखळी माझ्या हातची आहे, ती चुकत नाही, तुझ्याच मनगटात दम नाही, घरी जा. तू मान खाली घालून गेलास. बाळा, मोठ्याने लहानाची माफी मागायची आपल्या घरात रीत नाही, पण मी मागतोय. तू त्याला वेळेवर पाडलं होतंस.

तुझाच,
इसहाक मामू