न आवळलेलं पान

३ मार्च, सोमवार
पॅथॉलॉजी लॅबचा सर्व्हर पुन्हा पडला. पडताना त्याने आपली सगळी मेमरी एका फाइलमध्ये ओतली. आमच्या भाषेत डंप. मरणाऱ्याची शेवटची जबानी म्हणा. ती वाचणारं टूल माझं. पण या नव्या सर्व्हरने जबानी नव्या पद्धतीने आवळून, म्हणजे कॉम्प्रेस करून लिहिली आहे. माझं टूल ती उघडत नाही.
साहेब म्हणाले, शुक्रवारपर्यंत कारण सांगा, नाहीतर लॅब हातची जाईल, आणि तुम्ही तक्रारींच्या फोनवर बसाल. मी! टेबलावर मूठ आपटून सांगितलं, बुधवारी उघडतो. साहेबांचा चहा सांडला.

संध्याकाळ
उलगडायची तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड, मिळते म्हणे. वापरणार नाही. उसन्या काठीने चालणाऱ्याला पाय असून नसल्यासारखे. सगळं स्वतः लिहीन. संकल्प : कमी बोलणे.

४ मार्च
कॅन्टीनमध्ये कॉम्प्रेशन या वृत्तीवर दोन शब्द बोललो. आवळणारा समाज आणि उलगडणारा समाज, असा मुद्दा होता. तो रंगात आला आणि कॅन्टीनवाल्याने दिवे मालवले. श्रोते भारावलेले दिसले. निदान बोललं तरी कोणी नाही.
कोड : शून्य ओळी. पण भूमिका स्वच्छ झाली.
घरी हिने विचारलं, काम कुठवर आलं? मी मुळापासून सांगितलं. ही म्हणाली, म्हणजे झालं नाही, असंच ना?

५ मार्च
उघडली! मेमरी पानापानाने लिहिलेली असते. पहिली पानं मुकाट सुटली. संपूर्ण डंप आजच उघडणार होता, पण विजयाची बातमी सगळ्या मजल्यांवर पोचवण्यात दुपार गेली.
शेजारच्या टेबलावरच्या बाईंना आम्ही ‘शंका’ म्हणतो, कारण त्या दुसरं काही काढत नाहीत. म्हणाल्या, अहो, काही पानं आवळून लहान होतच नाहीत, ती जशीच्या तशी ठेवतात. प्रत्येक पानाला तशी खूण असते, ती आधी बघा. मी ठणकावलं, बाई, नियम म्हणजे नियम! अपवाद मानला की तत्त्व मेलं. त्या म्हणाल्या, तत्त्वाचं माहीत नाही, मशीन मरेल.
सहकाऱ्यांत श्रद्धेचा दुष्काळ आहे.

६ मार्च, सकाळ
लॅबच्या मॅनेजरबाईंचा फोन. रिपोर्ट अडकलेत, पेशंट काउंटरवर भांडतायत, कारण कळलं का? मी त्यांना कारण आणि निमित्त यांतला फरक समजावून दिला. त्या म्हणाल्या, बरं झालं तुम्ही डॉक्टर झाला नाहीत. फोन ठेवला. बहुतेक रेंज गेली.

दुपार
टूल संपूर्ण डंपवर सोडलं. अर्ध्या वाटेत एक न आवळलेलं पान आलं. टूलने तत्त्वाला धरून तेही उलगडायला घेतलं. उलगडल्यावर किती मोठं होईल, हा आकडा त्याने पानातल्या भलत्याच मजकुरातून वाचला आणि आमच्या ऑफिसातल्या मशीनकडे डोंगराएवढी मेमरी मागितली. अशा वेळी मशीन एरवी मागणाऱ्या प्रोग्रामला गुपचूप मारतं. मला गुपचूप मारणं पटत नाही, म्हणून ती सोय मी बंद केली होती. मशीन सरळ पडलं. ताठ मानेने.

संध्याकाळ
मशीननेही पडताना डंप लिहिला, तोही नव्या पद्धतीने. डिस्कवर जागा एकाच डंपची. लॅबचा पुसला गेला. कॉपी नव्हती. लॅबला मूळ फाइल मागितली. मॅनेजरबाई म्हणाल्या, पाठवून झाल्यावर पुसून टाका असं बजावणारे तुम्हीच ना?


७ मार्च, शुक्रवार
खूण तपासायची एक ओळ घातली. स्वतः सुचल्यासारखी घातली. टूल चालतं! नव्या पद्धतीचा डंप शेवटच्या पानापर्यंत उघडला. डंप आमच्याच मशीनचा, पण विजय तो विजय. साहेबांना बोलावून दाखवलं. मशीन कोणी पाडलं, याच्या उत्तरात पडद्यावर माझ्या टूलचं नाव ठसठशीत आलं. साहेब म्हणाले, अचूक आहे हो तुमचं टूल. आता लॅबचं सांगा.
मी म्हणालो, त्यांचा सर्व्हर आणखी एकदा पडला की लगेच सांगतो.
साहेबांनी लॅबला फोन लावून माझ्या हातात दिला. मी घसा खाकरला. बाई म्हणाल्या, काही बोलू नका, आम्ही दुसरीकडे काम दिलंय.

संध्याकाळ
टूल शंकाबाईंकडे गेलं. त्यांनी माझा कोड काढून ती तयार लायब्ररी जोडली. चहाला जाऊन येईपर्यंत झालंसुद्धा.
मी सोमवारपासून फोनवर. हेडसेट मिळाला. तिथली शिस्त कडक : बोलायचं फक्त तक्रारदाराने. आपण शेवटी ‘नोंद घेतली’ एवढंच म्हणायचं.
घरी सराव केला. हिने दिवसभराच्या सगळ्या कटकटी सांगितल्या. मी शेवटी म्हणालो, नोंद घेतली.
हिचे डोळे भरून आले. म्हणाली, परत एकदा म्हणा ना.