पोत्यावरचा आकडा

५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

काल मंगळवारी सकाळी सव्वाअकराला माझं वाटोळं झालं. साहेबांनी यादी हातात दिली तेव्हा समोरच घड्याळ होतं, म्हणून वेळ पक्की लक्षात आहे.

नदीत जाणारा फॉस्फरस कमी करायला किती खर्च येईल, त्याचा अंदाज आमचं ऑफिस काढतं हे तुला माहीत आहेच. खतातून, सांडपाण्यातून तो नदीत उतरतो नि पाणी शेवाळानं हिरवं होतं. एकेका उपायाचा दर किलोमागचा खर्च काढायचा. स्वस्त तो पहिला. तर पहिला उपाय काय? काठचं एक शेत विकत घेऊन बंद करणं. शेत कुणाचं? माझा जीव जिच्यावर जडलाय, तिच्या वडिलांचं! पुढच्या शुक्रवारी समिती ठरवणार.

मी साहेबांच्या टेबलावर फाइल आपटली. म्हटलं, शहराची घाण सोडून एका घराच्या मुळावर उठलात? ते थंडपणे म्हणाले, आकडे तुझेच आहेत. संध्याकाळच्या आत बातमी तिच्या घरी पोचली. आज पुलावर दिसली, मान फिरवून गेली. घशाखाली घास उतरत नाही ग. बाबांना कळवू नकोस. कॉलेज सोडलं तेव्हाचं भाषण अजून कानात आहे.

माया आटू देऊ नकोस, एवढंच मागणं.
तुझा भाऊ

९ मार्च

चि. तोफखान्यास,
अ. उ. आ. आणि एक धपाटा.

पत्र वाचून लगेच लिहायला बसले. पण आधी फाइल आपटायची आणि मग वाचायची, ही खोड कधी जाणार? शाळेत रसायनशास्त्र शिकवणारं माझं डोकं एकाच जागी अडलं : एका शेतातून एवढा फॉस्फरस? बाकीच्यांचे आकडे माती तपासून घेतले, असं तूच मागे लिहिलं होतंस. हिच्याकडचे कुठून आणलेस? खताच्या पोत्यांवरून तर नाही ना? तिथला आकडा ऑक्सिजन धरून छापतात. त्यातल्या शंभरात निव्वळ फॉस्फरस चव्वेचाळीसच. हे दुसऱ्या वर्षाला शिकवतात. तू पहिल्यातच बॅग भरलीस.

तसं असेल तर गुपचूप खोडू नकोस, बाळा. तुझं प्रेम चौकातल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. पोरीसाठी आकडा फिरवला म्हणतील, मग खराही खोटा ठरेल. तुझे भावोजी म्हणतात, नोकरी गेली तर इकडे ये, भांडी घासायला माणूस हवाच आहे.

जेवत जा. तुझी काळजी वाहणारी,
ताई

१४ मार्च, सकाळ

ती. ताईस,
शि. सा. न., आज खरोखर पायांवर डोकं ठेवून.

पोत्यांवरूनच. तिचे वडील काही टाकत नाहीत. पाच वर्षांची रिकामी पोती कोठीत रचलेली. ती एकेक पोतं उचलून आकडे वाचत होती, मी लिहीत होतो. लिहीत कसला, बघत होतो.

नव्यानं मांडलं. दर किलोचा खर्च सव्वादोन पटीवर गेला, शेत सहाव्या नंबरावर उतरलं. काल साहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. म्हणाले, चूक समितीपुढे तूच सांगायची, आणि मग टेबल रिकामं करायचं.

तिचे वडील तिथे असणार. तीही. आकडे उतरवताना लक्ष कुठे होतं, असं कुणी विचारलं तर काय सांगू ग? पुरावा म्हणून एक पोतं काखेत घेतलंय. भावोजींना म्हणावं, भांडी साठवून ठेवा.

आशीर्वाद असू दे.
तुझा अर्धवट

ता. क. मी राहतो ती खोली ऑफिसची आहे. किल्ली आत टेबलावर ठेवतोय. दार ओढलं की आपोआप लागतं, मग परत फिरता येणार नाही. निघालो. ओढलं.