पश्च-दक्षिण कर्ण्याचे मौन

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा षडंग नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, परंतु आठांपैकी दोन अंगे सोफ्यामागील तारांच्या जंजाळात अद्याप गुंतलेली आहेत. ती सुटताच उर्वरित नमस्कार स्वतंत्रपणे रवाना करीन.) भावोजींचा रक्तदाब मर्यादेत आणि भाचीचा अभ्यास मर्यादेबाहेर चालला असेल, अशी आशा करतो. याच्या उलट असल्यास कृपया कळवू नये. आम्ही सध्या वाईट वार्ता ग्रहण करण्याच्या अवस्थेत नाही.

तुझा संतप्त संदेश पोहोचला. "एवढा ध्वनिसंच पाठवला, बाबा त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. माझ्याकडे राहायला या म्हटलं, तर नुसतं 'हं, बघू'. ते माझ्यावर रागावलेत का, तेवढं सरळ सांग, मध्ये तुझं संस्कृत आणू नकोस," असे तू लिहितेस. सरळच सांगतो, ताई. मात्र सरळ वाटेवर सहा कर्णे आडवे पडले आहेत. त्यांना वळसा घालूनच उत्तरापर्यंत पोहोचता येईल.

हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात, ही बाबांची तक्रार मनावर घेऊन तू जो संच धाडलास, त्याच्या खोक्यावर 'पाच पूर्णांक एक दशांश' असा आकडा आहे. पाच कर्णे मी समजू शकतो. परंतु त्यांच्यामागून जो धान्याच्या डब्याएवढा काळा ठोकळा निघाला, आणि जो उचलताना माझ्या कमरेने जाहीर निषेध नोंदवला, त्याची गणना एक दशांश या क्षुद्र अपूर्णांकात कोणत्या गणितज्ञाने केली, हे आकलन होत नाही. (तो केवळ घुमतो. आमच्या छापखान्याचे व्यवस्थापक हेच कार्य करतात आणि वेतन पूर्णांकात घेतात.) सोबतची माहितीपुस्तिका अनेक भाषांत होती, त्यांपैकी जी मला येते, तिच्यातही ती मला आली नाही.

तेव्हा, आयुष्यभर इतरांच्या चुका शोधून उदरनिर्वाह करणाऱ्या मुद्रितशोधकास शोभेल अशी गोष्ट मी केली. घरच्यांस सोपे जावे म्हणून प्रत्येक कर्ण्यावर शुद्ध भाषेतील चिठ्ठी चिकटवली. डावा तो वाम, उजवा तो दक्षिण. पुढचा तो अग्र, मागचा तो पश्च. इतके सुबोध वर्गीकरण करून मी कामावर गेलो. तुझी भावजय भूमापन कार्यालयात नकाशे काढते आणि तिच्या लेखी दक्षिण म्हणजे कागदाची खालची बाजू, हे माझ्या ध्यानात राहिले नाही. तिने होकायंत्र काढले. 'पश्च-दक्षिण' म्हणजे नैऋत्य, म्हणून तो कर्णा जिन्याखाली गेला. 'अग्र-दक्षिण' म्हणजे आग्नेय, म्हणून तो स्वयंपाकाच्या ओट्यावर. आणि 'वाम' हे 'वायव्य' या शब्दाचे अर्धवट राहिलेले रूप समजून ते दोघे न्हाणीघराच्या दारावर शेजारी शेजारी. संध्याकाळी परतलो, तेव्हा बातम्या देणारी बाई अर्धी ओट्यावरून आणि अर्धी न्हाणीघरातून बोलत होती.

"अहो, 'उजवा' लिहायला काय शाई जास्त लागते?" एवढेच तुझी भावजय म्हणाली. माझ्या प्रदीर्घ कारकिर्दीत इतकी अचूक दुरुस्ती मला कोणी सुचवलेली नाही.

चिठ्ठ्या फाडून आणि कर्णे आपापल्या जागी बसवून आम्ही मुख्य कार्याकडे वळलो. या यंत्रात अशी योजना आहे की, एकेका कर्ण्यातून पाळीपाळीने 'शर्र' असा ध्वनी निघतो, तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडावे तसा. श्रोत्याने आपल्या नित्याच्या आसनावर बसून सांगायचे, कोण मोठ्याने बोलतो, कोण हळू; आणि आपण दूरनियंत्रकावरून (रिमोट हा शब्द आमच्या घरात चालतो, पत्रात नाही) सर्वांना एका पातळीवर आणायचे. श्रोते अर्थातच बाबा. डोळे मिटून, तर्जनी सज्ज ठेवून ते आरामखुर्चीत स्थानापन्न झाले. पुढचा डावा बोलला, बोट डावीकडे. मधला बोलला, बोट समोर. पुढचा उजवा बोलला, बोट अंमळ उशिरा, पण समोरच. मागचा उजवा बोलला, बोट मांडीवर.

"पंडित," बाबा म्हणाले (मला ते आजही याच उपाधीने छळतात), "तुझा मागचा उजवा मेलाय."

मी तार काढून पुन्हा खोचली. बोट मांडीवरच. तार बदलली, तेच. मग डावीकडचा कर्णा उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे नेला, तर काय आश्चर्य, मघाचा मृत उठून बसला आणि मघाचा जिवंत गतप्राण झाला! शेवटी मी त्या कोपऱ्यातला आवाज वाढवीत नेला. शेजारच्या दंतवैद्यांनी भिंतीवर ठोसे मारून, त्यांना तो सुस्पष्ट ऐकू येत असल्याचे कळवले, तेव्हा कुठे बाबांचे बोट उठले. पण डावीकडे.

"तारा उलट्या जोडल्यास, पंडित."

मी पुन्हा सोफ्यामागे. तेवढ्यात तुझी भावजय झाडू घेऊन आली, "बाबा, जरा उठता का?" असे हाताने खुणावून म्हणाली आणि केर काढण्यासाठी तिने आरामखुर्ची गर्रकन उलटी केली: पाठ टीव्हीला, तोंड खिडकीला. बाबा पाणी पिऊन आले, आणि उजेड बरा म्हणून तशाच खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले. मी हट्टाला पेटलेला. पुन्हा तो शर्र सुरू केला. मागच्या उजव्या कोपऱ्याची पाळी आली.

"हा बोलायला लागला की रे!" बाबा अंकावरून मान न उचलता म्हणाले.

मी विजयोन्मादात पुढे गेलो. पुढचा डावा, ज्याने आजवर एकदाही दगा दिला नव्हता, तो बोलला. बाबांनी शांतपणे पान उलटले. बोट उठले नाही. "पण तो टीव्हीजवळचा गेला आता," नंतर मी खूण केल्यावर ते म्हणाले.

तुझ्या भावजयीचा झाडू थांबला. तिने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे. खुर्ची फिरली होती, आणि बिघाड खुर्चीबरोबर फिरला होता.

तिसऱ्याच्या कानी गेलेले गुपित षट्कर्णी झाले असे आपण म्हणतो. बाबांचे गुपित सहा कर्ण्यांनी फोडले, तेव्हा या शब्दप्रयोगाबद्दल माझी काही हरकत नाही. आमच्या घरात तिघांचे मिळून कान सहा. त्यांचा हिशेबही खोक्यावरच्यासारखाच निघाला. पाच पूर्णांक, एक दशांश.

तुला ठाऊक आहे, बाबा लघुलेखक होते. साहेब लोक येरझाऱ्या घालत, घास चावत, खिडकीबाहेर तोंड करून मजकूर सांगत. बाबा डाव्या हाताने तो उतरवीत, आणि 'पुन्हा सांगता का?' हे तीन शब्द त्यांनी कचेरीत कधी उच्चारले नाहीत. हीच त्यांची पदवी आणि हेच त्यांचे पदक. असा मनुष्य स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलाला 'काय म्हणालास?' असे कसे विचारील? म्हणून ते अंदाजाने उत्तर देतात. मध्यंतरी मी विचारले, "बाबा, डोळ्यांत थेंब?" ते म्हणाले, "कोण थांबलंय? आत घे त्यांना." मी हे उच्च कोटीच्या विनोदाचे उदाहरण म्हणून छापखानाभर सांगत फिरलो. (माझी विनोदबुद्धी वडिलोपार्जित आहे, असा माझा दावा होता. त्यातले विनोद किती आणि कान किती, याची आता फेरतपासणी करावी लागेल. मिळकत बरीच कमी निघेल, असे वाटते.)

बाबा उठताच तुझ्या भावजयीने खुर्ची पूर्ववत टीव्हीकडे फिरवली. मी निमूटपणे दूरनियंत्रक घेतला आणि उजवीकडचे सर्व आवाज डावीकडे वळते केले. सांप्रत आमच्या घरी सारे जग डावीकडून येते: मोटारी, वादळे, पाहुणे, खलनायक. आम्ही दोघे मान तिरकी करून चित्रपट पाहतो. बाबा मात्र परवा प्रसन्नपणे म्हणाले, "नट सुधारले बरं का!" यंत्र दर कर्ण्यामागे 'श्रोत्यापासून अंतर' विचारते, तेही मी फीत लावून मोजले आणि भरले. जेवणाच्या टेबलाविषयी यंत्राने काही विचारले नव्हते. तरी तिथली माझी खुर्ची मी त्यांच्या उजवीकडून उचलून डावीकडे ठेवली आहे. बाबा आणि मी इतकी वर्षे जेवताना फारसे का बोलत नाही, याची जी तात्त्विक कारणे मी शोधून ठेवली होती, ती बहुतेक निकालात निघाली. काल आम्ही चक्क भांडलो. फार बरे वाटले.

तर ताई, सारांश असा की, बाबांची प्रकृती उत्तम, संच उत्तम, नट सुधारलेले. भावोजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझा,
सुधारणेस वाव असलेला
धाकटा

ता. क. मूळ प्रश्न राहिलाच. बाबा डावरे. कचेरीत डावा हात पेन्सिलीला वाहिलेला, म्हणून फोन सदैव उजव्या हाती आणि उजव्या कानी. ती सवय आजही मोडलेली नाही. म्हणजे दर रविवारी तू ज्या कानाशी बोलतेस, तो नेमका एक दशांश आहे. 'हं', 'बरं', 'बघू' ही उत्तरे त्यांनी तुला दिलेली नाहीत, शांततेला दिलेली आहेत. तुझे आमंत्रण त्यांच्यापर्यंत पोहोचलेलेच नाही. मग राग कुठला? खरे तर हे सगळे पत्र पुढील दोन वाक्यांसाठी लिहिले. येत्या रविवारी तेच पुन्हा विचार. आणि कानाच्या डॉक्टरांकडे चला, हेही तूच सांग. मी सांगितले तर 'पंडित' म्हणतील, तुझे ऐकतील. ऐकू येण्याची तेवढी व्यवस्था आम्ही करतो. (फोन वाजताच त्यांच्या उजव्या हातात चहाचा कप द्यावा, असा तुझ्या भावजयीचा प्रस्ताव आहे. तो मंजूर झाला आहे.)

ता. ता. क. पाकीट चिकटवायचे राहिले आहे. पत्र बाबांच्या वर्तमानपत्राशेजारी, टेबलावर उघडेच ठेवून मी डिंक आणायला बाहेर जात आहे. (डिंक घरात आहे.)

ता. ता. ता. क. आलो. पत्र होते तिथेच आहे. 'खलनायक' या शब्दाखाली पेन्सिलीने एक रेघ मारलेली दिसते; कारण विचारण्याचे धाडस केले नाही. शिवाय पुढील ओळ डावीकडे झुकलेल्या अक्षरांत वाढली आहे. मी व्यवसायाने मुद्रितशोधक, परंतु तिला हात लावलेला नाही.

पोरी, तू काय म्हणाली होतीस? पुन्हा सांग.
बाबा