पिकअप न घेणारी गाडी आणि तुमची फुंकणी

दादा, तुम्ही होता तेव्हा मोटार म्हणजे कारखान्याच्या साहेबाची. आता आमच्या दारात एक उभी आहे. म्हातारी आहे, डिझेल पिते, आणि गेले तीन आठवडे चढ आला की माझ्यासारखीच धापा टाकत होती. मी, तुमची लेक, सांगतेय आणि माझी नात लिहितेय. ती नर्स आहे, पारनेरच्या पलीकडच्या दवाखान्यात, रोज त्याच गाडीनं जाते-येते. तिचं अक्षर वाईट आहे म्हणतात. मला काय, सगळीच अक्षरं सारखी. "हे पण लिहू का?" म्हणून विचारतेय. लिही.

झालं असं, की गाडी पिकअप घेईना. सपाटीला बरी चालायची, पण चढाला पाय कितीही दाबा, उसाची गाडी पुढं निघून जाईल अशी गत, आणि मागं काळा धूर. माझ्या मुलानं आधी हवेचा फिल्टर बदलला, मग डिझेलचा. काही फरक नाही. नगरच्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं आणि लांबूनच निकाल दिला: टर्बो गेला, नवा टाकण्यापेक्षा भंगारात घाला. मुलगा म्हणाला, "घालू." नात म्हणाली, "मग मी तिकडंच खोली घेते," कारण एसटीच्या वेळा तिच्या ड्युटीला जुळत नाहीत. भाकरी खाता खाता दोघं बोलून मोकळे झाले. ही पोर तिकडं राहायला गेली तर संध्याकाळी माझ्याशी भांडणार कोण?

मी विचारलं, "ह्यो टर्बो म्हंजी काय रं?"

"इंजनात हवा जोरानं ढकलतो त्यो. तुला काय करायचंय आये?"

"म्हंजी फुंकणी."

"व्हय, फुंकणीच समज." तो हसला. मी नाही हसले.

कारण मला श्रीरामपूरचं तुमचं शेड दिसत होतं. विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्तीला आलेली, मी अकरा-बारा वर्षांची, परकर सावरत तुमच्याशेजारी उभी. तुम्ही लाकडी दांड्याचं एक टोक इंजिनाला लावता, दुसरं कानाला, आणि मग दांडा माझ्या कानाला देता. "काय म्हनतंय?" मी सांगते, तुम्ही मान हलवता. काळा धूर दिसला की तुमचं ठरलेलं बोलणं: "चुलीवानी हाय बाय. लाकूड लई अन् वारा कमी." आणि मग तो दिवस. मी वाकून ऐकतेय, वेणी खांद्यावरून पुढं घसरते, फिरत्या पट्ट्यापासून चार बोटांवर. तुमचा हात आधी वेणीला लागतो, मग माझ्या गालावर. गिऱ्हाइकांच्या देखत! "पुन्यांदा हितं दिसलीस तर तंगडं मोडीन." आठवड्यानं तुम्ही मला एक फुंकणी आणून दिलीत. इंजिनाच्या जुन्या नळीची, ओठाला लागू नये म्हणून कडा घासून गुळगुळीत केलेली. मी काय समजायचं ते समजले: पोरीच्या जातीनं चुलीशी बसावं. शेडात परत पाऊल टाकलं नाही, आणि तुम्हीही बोलावलं नाहीत.

रविवारी तीच फुंकणी घेऊन मी अंगणात आले, पदर कमरेला घट्ट खोचला आणि मुलाला म्हटलं, बॉनेट उघड.

"आये, आता गाडीवर भाकरी थापतीस व्हय?"

"तू गप आत बस अन् रेस दे."

फुंकणीचं एक तोंड कानाशी धरलं आणि दुसरं टर्बोच्या पाइपावरून सावकाश फिरवत गेले. नात शेजारी कमरेवर हात ठेवून उभी. "आज्जे, हे तर माझं काम. छाती तपासतीस का?" मी म्हटलं, "तू नाडी धर त्याची, छाती मी बघते." इंजिन रेसला आलं, आणि खाली, जाड रबरी पाइपाच्या पोटाशी, सूं करून आवाज आला. फुगलेल्या भाकरीची कड फुटून वाफ सुटावी तसा. रेस सोडली की बंद, दिली की पुन्हा सूं. म्हणून तर कुणाला सापडत नव्हतं. गाडी उभी असली की चीर मिटून बसायची, जोराची फुंक आली की उघडायची. टर्बो बिचारा फुंकत होता, फुंकणीच मधे फुटली होती.

"कुठं, बघू," म्हणत नात वाकली, आणि तिची ओढणी सुटून पंख्याकडं गेली. दादा, माझा हात कधी उठला मला कळलं नाही. ओढणी खेचली आणि पाठीत असा धपाटा घातला की ती कळवळली. "तंगडं मोडीन!" तोंडातून तेच निघालं. मुलानं इंजिन बंद केलं आणि पाणी आणलं, पण तिला नाही, मला. माझे हात थरथरत होते. तांब्या नातीनं धरला तेव्हा कुठं मी प्याले.

पाइपाखाली तेलकट ओल होती आणि बोटभर चीर. पाइप बदलला, टर्बो ठणठणीत निघाला. सोमवारी तिकडं पोचल्यावर नातीचा फोन आला, "आज्जे, धूर न्हाई, चढ कधी संपला कळलं पन न्हाई." खोलीचा विषय निघालाच नाही. संध्याकाळी घरी आली आणि चहात साखर जास्त म्हणून भांडली.

इतकी वर्षं मी ज्याला त्याला सांगत आले, की बापानं मला पोरगी म्हणून शेडातून हाकललं. खोटं नसेलही ते. पण त्या दिवशी मी गाल धरून बसले होते, तुमच्या हाताकडं बघितलंच नाही. आता वाटतं, बघायला हवं होतं.

हे पत्र पाठवायचं नाही. मला वाचता येत नाही, तुम्हालाही येत नव्हतं, मधल्यामधे पोस्टमनला कशाला दमवायचं. नात म्हणते, गाडीच्या कप्प्यात ठेवते. ठेव बाई. पण एक राहिलं, तेवढं लिहून घे. पहिल्या दिवाळीला, दादा, तुम्ही मला न्यायला सासरी आला होतात. ओसरीवर बसून तुम्ही विचारलंत, "फुंकणी हाय का गं?" मी तोंड फिरवून म्हटलं, "हरवली." तुम्ही "असूं दे" म्हणालात आणि बशीत चहा ओतलात.

हरवली नव्हती, दादा. त्या चहाचा जाळ मी तिनंच फुंकला होता.