ओमाहा की डी मॉइन

ओमाहा, नेब्रास्का
९ नोव्हेंबर २०१४

प्रिय आर्डिस,

तुझं पत्र मिळालं. गुडघा बरा आहे हे वाचून हायसं वाटलं, आणि त्याच गुडघ्याने शिडीवर चढून तू पन्हळीतली पानं काढलीस हे वाचून डोक्याला हात लावला. सत्तरी आली, आता तरी कुणाचं ऐक.

तू सरळच विचारलं आहेस. आपण दोघी एकट्या बहिणींनी यापुढे एकत्र राहायचं, तर कुठे? तू तिकडचं घर विकून ओमाहाला यायचं, की मी मुलाच्या घरातून बाहेर पडून डी मॉइनला परत यायचं? दोन्ही गावांत राहिलेली मी, म्हणून निवाडा मीच करायचा.

तर ओमाहा वाईट नाही. इथलं मांस आपल्यापेक्षा चांगलं, हे कबूल करते. कुणाला सांगू नकोस. प्राणिसंग्रहालय असं की लेकाला, क्रेगला, मला तिथून ओढून आणावं लागतं. नदी मोठी, आपली तिच्यापुढे ओढाच. पण खिमा-कोबी भरलेल्या पावाचं इथल्या लोकांना एवढं कौतुक की हसू येतं. तुम्ही तिकडे जत्रेत लोण्याची गाय बघायला रांगा लावता, म्हणून गप्प बसते. आणि आपल्याकडे भर थंडीत इमारतींमधल्या बंद पुलांवरून कोट न घालता हिंडता येतं. इथला वारा थेट हाडांत शिरतो. बाकी इकडे मका, तिकडे मका, मध्ये दोन तासांचा रस्ता.

हॅलोवीनची गंमत ऐक. तीस तारखेला मी संध्याकाळी बाहेरचा दिवा लावला आणि गोळ्यांचं भांडं मांडीवर घेऊन दारात बसले. कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. जोलीन कामावरून आली.

“आई, थंडीत काय करताय?”

“पोरांची वाट बघतेय.”

“अहो, ती उद्या येतात. सगळीकडे उद्याच येतात.”

“आमच्या गावात आजच येतात.”

सूनबाई ओमाहाची, तिला आपली रीत काय ठाऊक. दुसऱ्या दिवशी डायनासोरचं सोंग घेतलेला एक पोरगा गोळ्या मागायला दारात आला. त्याला म्हटलं, “आधी विनोद सांग, मग गोळ्या.” तो माझ्याकडे बघतच राहिला. “तुम्ही सांगा ना,” म्हणाला. फाटकाशी उभी असलेली त्याची आई त्याला म्हणाली, “चल बाळा, आजींना त्रास देऊ नकोस.” विनोद सांगितल्याशिवाय गोळी मिळत नाही, हे आपल्याकडे चार वर्षांच्या पोरालाही कळतं. क्रेगने बायकोला परोपरीने समजावलं, की आमच्याकडे खरंच असं असतं. पण सासूला विसर पडायला लागलाय हे तिच्या मनातून जाईना, आणि मला आला राग. म्हटलं, चल डॉक्टरकडे, एकदाचा सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे.

सुनेला खोटं पाडायला गेले आणि स्वतःच तोंडघशी पडले.

जोलीनचा पुरावा चुकीचा होता, पण तिची शंका खरी निघाली. नदीचं आणि पावाचं एवढं रामायण लावलं ते हे लिहायला लागू नये म्हणून. सुरुवात आहे म्हणतात. हळूहळू वाढेल. नवं आधी पुसलं जाईल, जुनं बरंच टिकेल. खरं तर मला आधीच कळलं होतं. गेल्या महिन्यात चर्चमधून घरी येताना रस्ता हरवला. तोच नेहमीचा रस्ता. पेट्रोल पंपावर गाडी उभी करून रडले, आणि घरी सांगितलं की गर्दी होती.

म्हणून माझा निवाडा डी मॉइन. माझं जुनं सगळं तिकडे आहे. तिथे दुकानात जायला मला डोकं लागत नाही, पाय नेतात.

पण हा अर्धाच निवाडा झाला. तू बोलावते आहेस ती पत्त्यांत लबाडी करणारी, तुझ्या केकला नावं ठेवणारी व्हर्ना. पण जी येईल, ती एकच गोष्ट दहादा विचारेल. एखाद्या सकाळी तुलाच विचारेल, बाई, तुम्ही कोण? हे न सांगता मला येता आलं असतं. बॅग पलंगाखालून काढलीही होती.

नाही म्हणालीस तरी राग धरणार नाही. जोलीन चांगली मुलगी आहे, टाकून देणार नाही मला. पण मला यायचंय, आर्डिस. फार भीती वाटते, आणि घाबरायचंच असेल तर ते तुझ्याजवळ असताना घाबरावं असं वाटतं.

फोन करू नकोस. फोनवर माझा आवाज ऐकून तू लगेच हो म्हणशील. चार दिवस जाऊ दे, नीट विचार कर आणि मग लिही.

आज तुला पक्की ओळखणारी,
तुझी थोरली बहीण,
व्हर्ना