झऱ्याचे पाणी हौदालाच

मी, इलेर फूजेर, वय सत्त्याहत्तर, धंदा शेती, राहणार व्हेर्नोल, हे मृत्युपत्र नोटरींना तोंडी सांगत आहे व ते लिहून घेत आहेत. अंगाने खंगलो असलो तरी डोके ठिकाणावर आहे. कोणाला शंका असल्यास त्याने माझ्याशी पत्ते खेळून पाहावेत.

कलम पहिले. एकुलत्या एका मुलाला निम्मे द्यावेच लागते असा कायदा आहे. म्हणून राहते घर, गोठा आणि टेकडीवरची सगळी कुरणे माझा मुलगा सिल्व्हेर यास देतो. निम्म्यापेक्षा जास्तच होते. उद्या कोर्टात रडायला जागा नको.

कलम दुसरे. गवत कापायचा लांब दांड्याचा विळा शेजारी ओनोरे यास. बांधाचा दगड त्याने हातभर आत सरकवला, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. विळ्याचे पाते तडकलेले आहे. हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम तिसरे. तिठ्यावरच्या दगडी क्रुसापाशी शवपेटी टेकवतात आणि मेलेल्याला सगळे माफ करतात, अशी इथली रीत आहे. माझी पेटी तिथे टेकवू नये. मला कोणाची माफी नको.

कलम चौथे. वरचा झरा मी गावाला देतो. अट अशी की त्याचे सगळे पाणी चर्चखालच्या धुण्याच्या हौदात पडावे, तिथून ओढ्याला जावे, आणि टेकडीवरच्या गोठ्याकडे थेंबही वळू नये. हौदावर आता कोणी धुवायला येत नाही, हे मला ठाऊक आहे. टेकडीवर दुसरे पाणी नाही, हेही ठाऊक आहे.

कारण सांगतो. दहा वर्षांपूर्वी सिल्व्हेरने पाइप टाकून झरा गोठ्याकडे वळवला आणि हौद कोरडा पडला. माझी बायको एलोदी लग्न झाल्यापासून त्या हौदावर गावच्या बायकांबरोबर गुडघे टेकून कपडे धूत आली होती.

तो म्हणाला, "आई, मशीन घेऊन देतो की."

"मशीन काय माझ्याशी गप्पा मारणार आहे?" असे म्हणून ती धुण्याची ढकलगाडी घेऊन खाली नदीवर जाऊ लागली. त्या फेब्रुवारीत काठाला बर्फ होता. मी पाय मोडून अंथरुणावर पडलो होतो. त्याला म्हटले, "अरे, आठवड्यातनं एक दिवस तरी पाणी सोड. मरेल ती."

"बाबा, गाई दूध देतात. हौद काय देतो?"

ती भिजून आली, छाती भरली, आठवडाही काढला नाही. त्या आठवड्यात गाईंनी दूध चांगले दिले.

इथे नोटरींनी लेखणी थांबवून विचारले, "फूजेर, पोरानं माफी मागितली तर?"

काल मागितली. कोरड्या हौदात गुडघे टेकून रडला. म्हणाला, "नदीवर जाऊन आई मरेल, हे तुम्ही म्हणालात तेव्हाच मला दिसत होतं, बाबा." इतकी वर्षे मी पाणी गोठ्याकडे तसेच चालू दिले, कारण मला वाटायचे, गाढवाला कळलेच नाही. म्हणून आज तुम्हाला बोलावले. हे जसेच्या तसे लिहा.

वाचून दाखवले. ऐकले. एक शब्दही बदलायचा नाही.

सही: इलेर फूजेर

साक्षीदार:
गाबँ त्रुशो, गवंडी (पाइप यानेच टाकला, माझ्यामागे यानेच उपटावा)
मार्सेलिन व्हिदाल, पाववाली

व्हेर्नोल, ९ मार्च १९६२