तिच्यासाठी वाचलेला इतिहास

आई, तुला जाऊन चौदा वर्षं झाली. परवा दिलसुखनगरला आमच्या संस्थेच्या कार्यक्रमात कुणीतरी माईकवर सांगितलं, अंध मुलांना परीक्षेत लेखनिक मिळावा म्हणून ही बाई इतकी वर्षं भांडतेय, आईचे संस्कार. मी मान डोलावली. कसले डोंबलाचे संस्कार! मी जळत होते, आई, अजूनही जळते.

तारनाक्याच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर. रविवारी दुपारी तू खिडकी लावून घेतेस, पंखा बंद करतेस आणि सुलतान बाजारच्या त्या न दिसणाऱ्या मुलीसाठी बी.ए.चं इतिहासाचं पुस्तक टेपवर वाचायला बसतेस. मी दाराशी, घामाघूम. "आई, भूक लागली." "नक्को गं आवाज करू, टेप चालू आहे." मला तू कधी साधी गोष्ट वाचून दाखवली नाहीस. "तुला डोळे दिलेत ना देवानं?" म्हणायचीस. मला माझ्या डोळ्यांचाच राग यायचा.

वाचून झालं की कॅसेटच्या मागचे प्लास्टिकचे दोन इवले तुकडे तू मोडून टाकायचीस, म्हणजे तिच्यावर दुसरं काही भरलं जात नाही. एकदा विसरलीस. मी त्या कॅसेटवर रेडिओची गाणी भरली. मुद्दाम, त्या मुलीची परीक्षा आठ दिवसांवर असताना. तुला कधी सांगितलं नाही. "माझंच चुकलं बघ, तुकडे मोडायचे राहिले," असं तू तिला म्हणालीस आणि बसलेल्या घशानं पुन्हा वाचू लागलीस. आवाज पार गेला तेव्हा पुस्तक माझ्या हातात दिलंस. मी तीन धडे वाचले. ती म्हणाली, "छान वाचलीस की, पण काकूंसारखं नाही." त्या 'पण'साठी मी पुढे कितीतरी पुस्तकं वाचली, विद्यापीठाच्या पायऱ्या झिजवल्या. हळूहळू त्या मुलांचं भांडण खरंच माझं झालं, हेही खरं. सुरुवात मात्र ही अशी.

परवा कार्यक्रमानंतर ती सुलतान बाजारची मुलगी भेटली. आता कॉलेजात शिकवते. पर्समधून कॅसेट काढून म्हणाली, "काकूंची एवढी एकच उरली. मी ऐकते अजून. तू ऐक आन् परत दे, हौ ना?" मी टेपरेकॉर्डर मागून आणला. तू खोकतेस, पान उलटतेस, मग हळूच विचारतेस, "ऐकतेयस ना, बाळा?" मला तू कधी बाळा म्हणाली नाहीस.

काल तिचा फोन आला. फीत अडकली, तुटली, असं मी सांगून टाकलं. ती म्हणाली, "असू दे गं, तुझी काय चूक."

कॅसेट शाबूत आहे, आई. माझ्या कपाटात.